डॅरिलच्या पायाचा दोष नव्हता

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि एका भल्या माणसाचा अपराधी आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी कीव करताना तुम्ही जरा हात आखडता घ्याल.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका गव्हाच्या गावात ग्लेनिसबाई नाच शिकवतात. तीस वर्षे मी त्यांच्या खिडकीपाशी बसून गाणी वाजवली. माझ्या तालावर निम्म्या गावाची लग्ने लागली म्हणा ना. "माझा हा गडी कधी दगा देत नाही," असे बाई आल्यागेल्याला सांगत आणि मी फुशारून जाई.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पोटातला रबरी पट्टा सैल पडला. मला ते जाणवत होते. गाणी रेंगाळू लागली. एकदा कुणीतरी म्हणालेही, "बाई, आज गाणं पेंगतंय का हो?" "तुम्हालाच घाई झालीय," बाई फटकन म्हणाल्या. तेव्हा मी कर्कश ओरडलो असतो, निदान एखादी टेप गिळली असती, तर त्यांनी मला उघडून पाहिले असते. पण मला कौतुकाची चटक लागली होती.

अशात मेरिन आणि डॅरिल आले. महिन्याभरावर लग्न होते. मेरिन दोन वर्षांची असताना तिचे वडील वारले होते. त्यांनी स्वतः म्हटलेल्या एका गाण्याची कॅसेट तेवढी उरली होती. नवरानवरीचा पहिला नाच तिला त्याच गाण्यावर हवा होता. डॅरिलचा डावा गुडघा ट्रॅक्टरखाली सापडून निकामी झाला होता. काठीशिवाय तो चालत नसे, पण त्या एका नाचापुरती त्याला काठी नको होती.

"याला पाय म्हणू नका बाई. मेंढवाड्याचं गंजलेलं फाटक आहे हे," तो म्हणाला.

"फाटकंही नाचवली आहेत मी. गप उभा राहा," बाई म्हणाल्या.

गाण्यावरून नाच ठरवायची बाईंची एक पद्धत होती. मनगटावरच्या घड्याळात बघून त्या गाण्याचे मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजत. आणि गाणे वाजे ते माझ्यावर.

"चौऱ्याऐंशी! म्हणजे संथ वॉल्ट्झ. पावलं टाकत हॉलभर फिरता येईल तुला. गाणं जलद असतं, तर मी तुम्हाला जागेवर नुसतं झुलायला लावलं असतं."

"हॉलभर?" डॅरिलचा चेहरा उजळला. "ऐकलंस का गं?"

चार आठवडे तो घाम गाळत शिकला. शेवटच्या दिवशी त्याने काठी दाराशी ठेवली आणि मेरिनला घेऊन सबंध फेरी मारली. बाईंनी डोळे पुसले. मला मात्र त्या दिवशी कौतुक गोड लागले नाही.

लग्नाला बाईंनी मला राखीव म्हणून हॉलवर नेले आणि मंचाच्या पायरीशी ठेवले. बायकांनी आणलेल्या केकच्या ताटांनी टेबले भरली होती. गाणे माझ्यावर वाजणार नव्हते. मेरिनच्या मावसभावाने आपल्या घरच्या चांगल्या यंत्रावरून ते फोनमध्ये घेतले होते. सगळे गोल करून उभे राहिले. नवराबायकोची एक फेरी झाली की त्यांनीही नाचात उतरायचे, असा रिवाज.

पहिल्याच ओळीला मला कळले. मेरिनचे वडील चांगले भरभर गात होते! डॅरिलचे पाऊल मागे पडले, त्याने ते गाठायला धाव घेतली आणि गुडघा मुडपला. तो सगळ्या गावासमोर खाली कोसळला.

त्याला धरून माझ्याशेजारी पायरीवर बसवले. मेरिन त्याचा हात धरायला वाकली.

"तुझ्या मेलेल्या बापाचं गाणं कशाला हवं होतं?" तो तिच्यावर खेकसला. "पांगळ्याचा तमाशा करायला?"

तिने हात मागे घेतला. मी बोलू शकलो नाही. मी अख्खा अपराधी तिथे वीतभर अंतरावर बसलो होतो.

दोन महिन्यांनी माझे बटण अडकले म्हणून दुरुस्तीवाल्याने मला उघडले. "बाई, हा पट्टा कधीचा लोंबतोय, गाणी हळू वाजत असणार," तो म्हणाला. बाईंनी लगेच फोन करून डॅरिलला बोलावून घेतले.

"म्हणजे माझ्या पायाचा दोष नव्हता?" त्याने विचारले.

"नव्हता रे. या टेपचा होता आणि माझा. मी दुसरीकडे एकदा वाजवून बघायला हवं होतं."

"पायाचा नव्हता?" त्याने पुन्हा विचारले.

"नव्हताच," बाई म्हणाल्या. वाटले, आता तो हसेल किंवा मला लाथ तरी घालेल. त्याने दोन्हीही केले नाही.

"तिनं ती कॅसेट ट्रंकेत तळाशी टाकलीय," तो हळूच म्हणाला. "परवा मी वाजव म्हटलं, तर म्हणाली, नको, तुला त्रास होतो." तो काठी टेकत घाईने निघाला. घरी काय झाले, ते मला आजही माहीत नाही.

मित्रांनो, माझ्यात आता नवा पट्टा आहे आणि मी अगदी बरोबर वाजतो. तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणी जुने असेल. त्याला अधूनमधून उघडून बघत जा. आणि एखादे काम फसले, तर कुणाच्या पायाला किंवा कुणाच्या बापाला बोल लावण्याआधी आम्हाला तपासा. आम्हाला आपणहून कबुली देता येत नाही.