दुपारी निघणारा ठिपका

सातव्या उपग्रहाचं घड्याळ बिघडलं होतं. वाट दाखवणारे उपग्रह सतत वेळ सांगत राहतात आणि त्यावरून खालचं यंत्र आपण कुठे आहोत ते काढतं. घड्याळ केसभर चुकलं, की माणूस असतो एकीकडे आणि दिसतो मैलभर लांब. म्हणून सातव्याच्या संदेशातच खूण घातली होती : माझ्यावर विसंबू नका. ती खूण ओळखून यंत्रं त्याला वगळत.

तो दोष शोधायचं काम जमिनीवरच्या नियंत्रण केंद्रातल्या एका इंजिनिअर बाईकडे होतं. रोज दुपारी केंद्रातून ती ते घड्याळ मुद्दाम थोडं ढळवायची, मोजमाप घ्यायची आणि पुन्हा जागेवर आणायची. बंदरं, विमानतळ, सगळीकडे विचारणा होई. तक्रार कुठूनच नाही.

"आमच्या थोरल्या काकांसारखा आहे हा सातवा," शेजारच्या खुर्चीवरचा तंत्रज्ञ म्हणायचा. त्याला सगळे भाऊ म्हणत. "बोलतो अखंड, ऐकत कुणीच नाही."

एके दिवशी डोकं फारच ठणकायला लागलं, तेव्हा चाचणी भाऊवर सोपवून ती भरदुपारी घरी आली. घरात ती आणि सासरे, दोघंच. नवरा मासेमारीच्या बोटीवर गेला तो गेलाच. बोट सापडली, तो सापडला नाही. त्याचं जागा दाखवणारं जुनं यंत्र तेवढं दुरुस्तीला दिलेलं होतं म्हणून मागे राहिलं. सासरे ते खिडकीत ठेवत, रोज न चुकता चार्ज करत. का, ते तिने कधी विचारलं नव्हतं.

"बाबा, जेवलात का?"

"हळू बोल, सूनबाई." त्यांनी मान वळवली नाही. "तो निघालाय."

"कोण?"

त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. नकाशावर किनाऱ्यापासून खूप आत, निळ्या पाण्यात, एक ठिपका सरकत होता.

"रोज दुपारी असाच दिसतो," ते म्हणाले. "तिथून निघतो, आपल्या दारापर्यंत येतो. आत मात्र येत नाही."

क्षणभर तिलाही वाटलं, तोच आहे. मग स्क्रीनच्या कडेला तिची नजर गेली. यंत्र ज्यांचं ऐकत होतं त्या उपग्रहांचे क्रमांक तिथे दिसत होते आणि त्यात सात होता. जुनं यंत्र, त्याला खूण कळतच नव्हती.

तिने भाऊला फोन लावला. "सातव्याचं घड्याळ जागेवर आण. आत्ता."

"का गं? सगळं तर सुरळीत..."

"आण म्हणते ना!"

ठिपका वळला. पाणी ओलांडून बंदरावर आला, रस्त्यावर आला, त्यांच्या इमारतीवर येऊन थांबला. सासरे उठले आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर जिना रिकामा होता. ते दाराची कडी धरून उभेच राहिले. तिने त्यांना खुर्चीत बसवलं आणि मनाचा हिय्या करून सांगितलं, "बाबा, तो ठिपका मी हलवत होते. ऑफिसातून. मला माहीत नव्हतं."

त्या दिवशी त्यांनी ताटाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वरिष्ठांना सगळं सांगितलं. चाचणी थांबली. चौकशी केली तेव्हा तसली जुनी यंत्रं अजून कितीतरी लहान बोटींवर निघाली. नावाडी नकाशा वेडावाकडा नाचला की यंत्राला शिव्या देत आणि डोळ्यांनी वाट काढत; तक्रार करायची कुणाकडे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. हे ऐकून खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग सातव्याचा सगळा संदेशच बदलला. कुठल्याच यंत्राला ओळखू येणार नाही आणि फक्त केंद्राला उलगडेल असा.

चाचणी पुन्हा सुरू झाली त्या दुपारी तिने घरी फोन केला.

"बाबा, यंत्र समोर आहे ना?"

"आहे."

तिने भाऊला मान हलवून खूण केली. समोरच्या पडद्यावर सातव्याचं घड्याळ ढळू लागलं.

"काय दिसतंय?"

पलीकडे खिडकीजवळ खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"घर," सासरे म्हणाले. "नुसतं घर."

"झालं!" भाऊ ओरडला. मागे टाळ्या वाजल्या, कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडे त्यांनीही तो ठेवला नव्हता.