विठूदादांच्या गळ्यात न पडलेला हार

मी एक जुना चंदनी हार आहे. भाईंदर पश्चिमेच्या एका छोट्या वाचनालयात, काचेच्या कपाटात, शब्दकोशांच्या वरच्या खणात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मी खऱ्या चंदनाचा नाही. कुठल्याशा हलक्या लाकडाची पातळ सालपटं वळून कारागिराने मला ओवलं, मधे लाल मणी घातले आणि वरून चंदनाच्या अत्तराचे चार थेंब शिंपडले. वास वर्षभरात उडाला, नाव तेवढं राहिलं. माणसांतही असे पुष्कळ असतात, तेव्हा मला हसू नका.

आमचं वाचनालय दर वर्षी ‘शांतता आणि लोकशाही सन्मान’ देतं. सन्मान म्हणून गळ्यात घालायचा तो मी. माजी मंत्री, निवृत्त राजदूत, दोन गावांतला पाण्याचा तंटा मिटवणारे एक आमदार, अशा थोरामोठ्यांचे गळे मी पाहिले. राजदूतांनी मला भाषण संपेपर्यंत उतरवलं नाही. त्यांच्या गळ्याची ऊब अजून आठवते. बाकीचे मात्र फोटो निघाला की मला काढून टेबलावर ठेवत. मग विमलाबाई मला झटकून पिशवीत घालत. त्या वाचनालयात झाडलोट करतात. “एवढे मोठे मोठे लोक येतात, पण तुला कोण घरी नेत नाय बघ,” असं त्या म्हणत. खरंच होतं ते, आणि मला त्याचं वाईट वाटे.

एका वर्षी चिटणीस जितेश सभेत म्हणाले, “यंदा बाहेरचा कोणी नको. आपले विठूदादा आहेत ना!”

विठूदादा पाटील तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. भाईंदरला ग्रामपंचायत होती त्या काळी ते निवडणुकीला उभे राहिले होते. मतदानाच्या दिवशी भरतीने खाडीकडची वाट बुडाली आणि त्यांच्या विरोधकाची म्हातारी आई पलीकडच्या वाडीत अडकली. विठूदादांनी स्वतःची होडी काढली आणि तिला मतदानाला आणून सोडलं. म्हातारी कोणाला मत देणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. विठूदादा एका मताने पडले. त्यांच्या बाजूची तरणी पोरं काठ्या घेऊन विरोधकाच्या घराकडे निघाली, तेव्हा ते वाटेत आडवे उभे राहिले. “मत तिचं हाय, होडी माजी हाय,” ते म्हणाले. “डोकं फोडायचं तं आधी माजं फोडा.” काठ्या आल्या वाटेने परत गेल्या. विठूदादा विरोधकाच्या घरी जाऊन त्याला मिठी मारून आले.

ही हकिगत ऐकली आणि जन्मात पहिल्यांदा मी एखाद्या गळ्याची वाट पाहू लागलो.

समारंभाच्या दिवशी प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले, तेही पन्नास कार्यकर्त्यांसह. त्यांच्यासाठी आणलेला फुलांचा हार रेटारेटीत तुटला. जितेशांची तारांबळ उडाली. त्यांनी हाताला लागलेला हार उचलला आणि पाहुण्यांच्या गळ्यात घातला. तो हार मी होतो. पाहुण्यांनी रीतीप्रमाणे मला काढून टेबलावर ठेवलं. माझ्यावर एक शाल पडली, शालीवर पुष्पगुच्छ, त्यावर आणखी शाली. साहेबांना पुढे शांती नगरात उद्घाटन होतं, म्हणून त्यांचं भाषण आधी झालं. ते निघाले आणि अर्धं सभागृह त्यांच्यामागे गेलं.

मग विठूदादांचं नाव पुकारलं गेलं. ते काठी टेकत उठले. त्यांची नात संचिता कोपराला धरून होती. टेबलापाशी येऊन त्यांनी टोपी काढली आणि हार घेण्यासाठी मान वाकवली.

“हार कुठंय? अरे, हार कोणी घेतला?” जितेश इकडेतिकडे पाहू लागले.

मी त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होतो. शालीच्या विणीतून मला तो गळा दिसत होता. सुरकुतलेला, खाऱ्या वाऱ्याने रापलेला. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो, मित्रांनो.

“दादा, हार मागनं देतो. असेच थांबा, फोटो घेऊन टाकू,” जितेश म्हणाले. त्यांनी रिकामे हात दादांच्या गळ्याभोवती धरले आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसले. फोटो निघाला, हात बाजूला झाले. दादा मात्र तसेच वाकून उभे. हार पडल्याशिवाय सरळ कसं व्हायचं, हे त्यांना उमजेना.

“आजोबा, झालं. चला,” संचिता हळूच म्हणाली.

“झालं? बरं,” दादा म्हणाले आणि टोपी घालून खाली उतरले.

शाली आवरताना मी सापडलो, पण ‘मागनं देतो’ ते राहूनच गेलं. अकरा दिवसांनी दादा वारले.

वाचनालयाकडे त्यांचा तेवढा एकच फोटो होता. शोकसभेला त्यातला दादांपुरता भाग मोठा करून, चौकटीत बसवून ठेवला. जितेश मला घेऊन पुढे आले, तोच संचिता आडवी झाली.

“काका, त्या दिवशी ते वाकून उभे होते. तेव्हा हार मिळाला नाय. आता काचेला घालताय?”

“चुकलं गं माझं,” जितेश म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते खोटं नव्हतं.

“माहितीये मला. पण आता नको. राहू दे तसाच.”

तो फोटो माझ्या कपाटासमोरच्या भिंतीवर बिनहाराचा लागला. सन्मान अजूनही दर वर्षी होतो. मी कोणाच्याही गळ्यात पडलो तरी त्या जागी मला तोच वाकलेला गळा जाणवतो. खिडक्या लावलेल्या असतात, पंखा बंद असतो, तरी कपाटातल्या पिशवीत माझी सालपटं सळसळतात. विमलाबाई कपाटाकडे पाहतात आणि पदर सावरून लगबगीने बाहेर जातात.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या इंद्रलोक वसाहतीतून इशिता नावाची एक छोटी मुलगी पुस्तक बदलायला आली. फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली.

“मावशी, यांच्या फोटोला हार नाय. म्हणजे हे आजोबा आहेत ना अजून?”

विमलाबाई काच पुसत राहिल्या.

“मग ते वाकून कोणाची वाट बघतायत?”

उत्तर मला ठाऊक होतं आणि मी कपाटात होतो.

मित्रांनो, तुमच्याही आळीत कोणी असेल, ज्याने हरल्यावर काठी उचलू दिली नाही, ज्याच्यामुळे दोन घरं अजून एकमेकांशी बोलतात. समारंभाची तारीख ठरण्याची वाट पाहू नका. आज संध्याकाळीच हार घेऊन त्याच्या घरी जा. पाहुणे मागाहून आले तरी चालतील.