लाल दोऱ्याचा कोट

बाजाराच्या वळणावर लॉन्ड्री होती आणि तिच्या मालकाला सगळे कडककाका म्हणत. शर्टाला खळ कडक, इस्त्री कडक आणि बोलणं त्याहून कडक, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. पस्तीस वर्षांत त्यांच्या दुकानातून गिऱ्हाइकाचा रुमालसुद्धा गहाळ झाला नव्हता. आणि गिऱ्हाइकाचा कपडा घरातल्या कुणाच्या अंगाला कधी लागला नव्हता. ही दुसरी गोष्ट काका येणाऱ्याजाणाऱ्याला जरा जास्तच सांगत. समोरचा शिंपी त्यावरून त्यांना छेडायचा. "कडकराव, मेल्यावर तरी दुसऱ्याच्या चादरीवर निजाल की नाही?" काका इस्त्री न थांबवता म्हणत, "घरून घेऊन येईन."

त्या दिवसांत काका दुकानात एकटेच होते. बायको, मुलगा, सून आणि नात दहा दिवसांसाठी परदेशी फिरायला गेली होती. घरातलं कुणी पहिल्यांदाच देशाबाहेर पाऊल टाकत होतं. काकांनाही चला म्हणून सगळ्यांनी खूप आग्रह केला, पण दुकानाला दहा दिवस कुलूप लावायला ते तयार नव्हते. ते म्हणाले, "तुम्ही जा, मला फोटो दाखवा."

सहाव्या दिवशी सकाळी शिंपी रस्ता ओलांडून आला. गळ्यात टेप, कानावर खडू, हातात फोन. नेहमी दारातूनच टोमणा मारणारा माणूस आज थेट काउंटरपाशी आला.

"कडकराव, आधी ती इस्त्री खाली ठेवा."

काकांनी इस्त्री उभी केली. शिंप्याने फोन पुढे धरला. मोठं तळं, पलीकडे बर्फाचे डोंगर, अलीकडे लोखंडी कठडा, आणि कठड्याला रेलून एक पाठमोरा माणूस. राखाडी रंगाचा लांब कोट.

"आमचा पोरगा," काका म्हणाले. फोटो पाहून त्यांना बरं वाटलं होतं.

"पोरगा तुमचाच आहे हो. पण कोट मी शिवलेला आहे."

"असेल. तुम्ही काय कमी कोट शिवलेत?"

"डावा खांदा बघा."

काकांनी चष्मा वर सरकवला. कोटाचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता.

"असा खांदा मी आयुष्यात एकदाच कापलाय," शिंपी म्हणाला. "तीस वर्षं टपालाची थैली त्याच खांद्यावर. माप घेताना मी म्हटलं, पोस्टमनसाहेब, सरळ उभे राहा. ते म्हणाले, सरळच उभा आहे."

काका स्टुलावर बसले.

पोस्टमननी निवृत्तीला तो कोट शिवून घेतला होता. दोन हिवाळे वापरला आणि मग एक दिवस स्वतः येऊन धुवायला टाकला, पावतीवर सही केली आणि गेले. चौथ्या दिवशी ते गेल्याची बातमी आली. महिन्याभराने त्यांची बायको पावती घेऊन आली. "कोट झालाय का?" "झालाय, वहिनी." "असू दे. पुढच्या वेळी नेते." पावती पुन्हा पर्समध्ये गेली. त्यानंतर दर तीन महिन्यांनी वहिनी येत, तेच विचारत, तेच ऐकत आणि पावती घेऊन परत जात. कोट नेला की पावती दुकानात जमा होणार, आणि पावतीवर नवऱ्याच्या हाताची सही होती. काकांच्या ते लक्षात आलं होतं. चार वर्षं त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. अधूनमधून कोट उतरवायचा, ब्रशने झाडायचा, डांबराच्या गोळ्या बदलायच्या आणि पुन्हा टांगायचा.

पण दुकानाचा एक नियम होता. वर्षभर कुणी न नेलेल्या कपड्याच्या बटणाला लाल दोरा बांधायचा आणि तो मागच्या दांडीवर टाकायचा. लाल दोरा म्हणजे आता याला मालक येत नाही. वर्ष झालं तेव्हा काकांनी स्वतःच्या हाताने या कोटालाही लाल दोरा बांधला होता. नियम म्हणजे नियम. हा कोट त्या दांडीवर असला तरी बेवारस नाही, हे फक्त त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही, असं त्यांना वाटत होतं.

आणि मग निघायच्या आदल्या दिवशी मुलगा म्हणाला होता, "बाबा, तिकडे हाडं गोठवणारी थंडी आहे. चौघांना कोट घ्यावे लागतील. इथे परत आल्यावर ते घालणार कोण?" काका तेव्हा हिशोबाच्या नाही, पण सोयीच्या मोहात पडले. दहा दिवसांचा तर प्रश्न. म्हणाले, "लाल दोऱ्याचे घ्या. आल्यावर धुवून टांगू. कोण बघतंय?"

कुठले चार कोट गेले ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. "कोण बघतंय" हे शब्द आता त्यांच्या कानात घणासारखे पडत होते.

"तुमच्याकडे कसा आला हा फोटो?" त्यांनी शिंप्याला विचारलं.

"माझ्याकडे? अहो, सगळ्या बाजाराकडे आलाय. तुमच्या दुकानाच्या पानावर आहे. सुनेने गिऱ्हाइकांसाठी काढलंय ना फोनवर, त्याच पानावर. खाली काय लिहिलंय ते वाचा."

खाली लिहिलं होतं: आमचा लेक परदेशात. कोट आपल्याच दुकानातला.

त्याखाली कुणीतरी विचारलं होतं, दुकानात आता कोटही मिळतात का?

काकांनी बायकोला फोन लावला.

"अहो, बघितलात ना?" बायकोचा आवाज आनंदाने फुलला होता. "एकशे बारा जणांनी अंगठा दिलाय. मी एकटीने टाकला, कुणाची मदत नाही."

"कुठे टाकलास?"

"माझ्या ताईला पाठवला."

"ताईला पाठवलेला फोटो दुकानाच्या पानावर कसा आला?"

पलीकडून सुनेचा आवाज आला, "अय्या, आई, काउंटरवर उत्तरं द्यायला म्हणून मी ते पान तुमच्या फोनवर उघडून ठेवलं होतं." मग मुलाने फोन घेतला.

"बाबा, झालं काय?"

"तो राखाडी कोट कुणी उचलला?"

"मी. तुम्हीच म्हणालात, लाल दोऱ्याचे घ्या."

"म्हणालो."

"याला लाल दोरा होता."

"होता."

"मग चुकलं कुठे?"

काकांनी मागच्या दांडीकडे बघितलं. म्हणाले, "तो अंगातून काढ."

"बाबा, इथे बर्फ पडतोय."

"काढ म्हणतो ना. आणि पानावरून फोटोही काढून टाका, आत्ताच्या आत्ता."

फोन ठेवून मान वर केली, तर दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांची यायची वेळ नव्हती. मागच्या महिन्यातच तर येऊन गेल्या होत्या.

शिंपी घाईघाईने काकांच्या कानाशी लागला. "ब्रशिंगला बाहेर पाठवलाय म्हणा. चार दिवस मागून घ्या." आणि टेप सावरत कोपऱ्यात सरकला.

वहिनींनी पर्स उघडली. पावती काढली. घडीवर घडी पडून ती कापडासारखी मऊ झाली होती. ती त्यांनी काउंटरवर ठेवली आणि तळहाताने सपाट केली.

"कोट द्या," त्या म्हणाल्या.

चार वर्षांत हे दोन शब्द त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या. मागच्या दांडीवर चार हँगर मोकळे लोंबत होते, ते काउंटरवरूनही दिसत होते. चार दिवस मागणं सोपं होतं. ओठांपर्यंत ते वाक्य आलंही. पण समोर पावती होती, आणि पावतीवरची सही त्यांच्याकडे बघत होती.

"कोट इथे नाही, वहिनी. माझा मुलगा तो घालून परदेशी गेलाय. त्याची चूक नाही. मीच घे म्हटलं."

वहिनींनी पर्समधून फोन काढून पावतीशेजारी ठेवला. फोटो अजून होता.

"सकाळी चहा गाळत होते," त्या म्हणाल्या. "फोन वाजला म्हणून बघितलं. तर हे उभे. पाठमोरे, डावा खांदा खाली, जसे खिडकीशी उभे राहायचे तसेच. गाळणं हातातून सुटलं. किती वेळ गेला माहीत नाही. मला वाटलं, हे कुठे गेलेच नव्हते. तिकडे जाऊन राहिलेत, आणि मला सांगितलं नाही."

वहिनींनी फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मग खालचं वाचलं. आपल्याच दुकानातला."

"वहिनी, मी काय बोलू? तुम्ही म्हणाल ते..."

"मी बघायला आले होते, तुम्ही काय सांगता ते. आत आहे, पुढच्या आठवड्यात या, असं काहीतरी म्हणाल असं धरूनच आले होते." त्यांनी पावती आणि फोन उचलला. "आला की कळवा. आणि धुवू नका. हातही लावू नका."

त्या गेल्या. बघता बघता शिंप्याच्या फोनवरचा फोटोही गेला. शिंपी कोपऱ्यातून पुढे आला आणि रस्ता ओलांडून निघून गेला.

चार दिवसांनी मंडळी परतली. त्या सकाळनंतर मुलाने कोट घातलाच नव्हता. दोन स्वेटर आणि आईने ताईसाठी घेतलेली शाल गुंडाळून फिरला आणि सर्दी घेऊन आला. काकांच्या बायकोने वहिनींसाठी भेट म्हणून चॉकलेटची एक छोटी पेटी आणली होती. काका म्हणाले, "ती आत ठेव. दिसूसुद्धा देऊ नकोस."

निरोप मिळताच वहिनी आल्या. कोट काउंटरवर होता. बाहीला सुरकुत्या, खालच्या कडेला वाळलेल्या चिखलाचे ठिपके. इतक्या वर्षांत काकांनी गिऱ्हाइकाला असा कपडा दिला नव्हता. हात शिवशिवत होते, पण त्यांनी ते पाठीमागे धरले होते.

वहिनींनी आधी डाव्या खांद्यावरून बोट फिरवलं. बटणाला बांधलेला लाल दोरा सापडला. तो त्यांनी सोडवला नाही, दाताने तोडला. मग सवयीने खिशात हात घातला आणि थांबल्या. हातात एक निळं तिकीट आलं.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपडा हातात आला की आधी खिसे बघायचे, हा धंद्याचा पहिला धडा. हात लावू नका म्हटल्यावर त्यांनी खिसेही बघितले नव्हते.

"हे कसलं?" वहिनींनी मुलाला विचारलं.

मुलगा नाक पुसत पुढे आला. "ट्रामचं, काकू. तळ्यापासून टेकडीपर्यंत जाते. माफ करा, राहून गेलं."

"खिडकीशी बसला होतास?"

"हो."

वहिनींनी तिकीट उलटसुलट करून पाहिलं, पुन्हा त्याच खिशात ठेवलं आणि खिशाची पट्टी नीट बसवली. पावती काकांच्या हातात न देता त्यांनी स्वतःच काउंटरवरच्या, जमा पावत्या टोचायच्या तारेत खोचली. तार सहीच्या मधोमध गेली. काकांनी कोटासाठी पिशवी पुढे केली होती. ती तशीच त्यांच्या हातात राहिली. कोट हातावर टाकून वहिनी पायऱ्या उतरल्या.

त्यानंतर त्यांच्या घरचा एकही कपडा लॉन्ड्रीत आला नाही. काकांनी मागच्या दांडीवरचा प्रत्येक लाल दोरा सोडवला आणि चिठ्ठ्या लावल्या. कुणाचं काय आणि का राहिलंय, जे जे डोक्यात होतं ते सगळं लिहून काढलं. पस्तीस वर्षांची ती बढाई त्यांनी पुन्हा कुणापाशी मारली नाही. आणि शिंप्यानेही चादरीची थट्टा पुन्हा कधी काढली नाही.