माझी वीज कोण पितं?

दीक्षाला वाटलं होतं, नागपुरात बाकी काही कमी पडेल, ऊन कमी पडणार नाही. प्रत्यक्षात घडलं ते असं की ऐन मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायच्या दिवसांत, माझी बॅटरी रोज संध्याकाळी उपाशी.

मी तिचा ट्रेलर बोलतोय. जीपच्या मागे जोडून ओढतात ती चाकांवरची छोटी खोली म्हणजे मी. आत एक बाक, एक ओटा, दिवे, पंखा. छतावर सौरपट्टी, बाकाखाली बॅटरी. पट्टी ऊन खाते, बॅटरी ते पोटात साठवते, आणि माझा सगळा संसार त्यावर चालतो.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तो जन्मापासून नव्हता. हिंगण्याच्या एका शेडमध्ये पत्रे वाकवून, रिबिटा ठोकून मला बनवलं तेव्हा मी अगदी भोळा होतो. पहिल्या मालकाने मला जंगलाच्या वाटेवर उभं केलं, वाघ बघायला येणाऱ्यांच्या मुक्कामासाठी. तिथे मी माणसं ओळखायला शिकलो. दार उघडून आत शिरणारा पाहुणा पलंग बघत नाही, खिडकी बघत नाही. तो आधी भिंतीत प्लग शोधतो. पाहुणे झोपले की चौकीदार माझ्या पाठीतून वायर ओढून स्वतःचा कूलर चालवायचा, आणि सकाळी तोच मालकाला सांगायचा, "साहेब, या गाडीत काई दम नाही."

पुढे मी लग्नसराईत नवरीच्या मेकअपची खोली झालो. नवरी एक आणि करवल्या बारा, प्रत्येकीला केस सरळ करायचे! माझ्या तारा तापून वास यायचा, तरी कोणी हात आवरला नाही. शेवटी एका मंगल कार्यालयामागे, पत्रावळ्यांच्या ढिगाशेजारी मला सोडून दिलं. तिथून दीक्षाने मला आणलं.

दीक्षाचे आजोबा कापडगिरणीत होते. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. नातीने पहिल्या नंबराची बातमी सांगितली तेव्हा ते फक्त तिच्या ओठांकडे बघून हसले होते. ती स्कॉटलंडला जाऊन कान तपासण्याचं शिक्षण घेऊन आली, आणि तिथली नोकरी सोडून आली. यंत्रमागावर राबलेल्या माणसांचे कान त्यांच्या दाराशी जाऊन फुकट तपासायचे, हे तिचं स्वप्न. आणि ते स्वप्न उन्हावरच चालवायचं, हा तिचा हट्ट. "कोळशाची वीज नको," ती मला पुसता पुसता म्हणायची. माझ्याशी बोलणारी ती पहिलीच.

हुडकेश्वरला तिने भाड्याची खोली घेतली. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर मी उभा असे. पलीकडे बबनराव आणि चंद्रकलाबाई यांचं घर. बबनरावांचा जन्म मागावर गेला. आता हात रिकामे म्हणून ते दिवसभर अंगणात काहीतरी खुडबुड करत. सकाळी दीक्षा रामदासपेठेतल्या दवाखान्यात कामाला जाई, संध्याकाळी येऊन माझ्यात बसे, दिवा-पंखा लावून माझ्याच विजेवर चालणारं कान तपासायचं मशीन पारखे, शिबिराची तयारी करी.

आणि एका संध्याकाळी दिवा लागलाच नाही.

तिने फ्यूज काढून पाहिला, शाबूत. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी घासून काढली. सगळे खटके बंद करून मीटर लावलं, की चोरून वीज कुठे झिरपते का. कुठेच नाही. सीताबर्डीच्या दुकानदाराने बॅटरी हलवून पाहिली आणि म्हणाला, "म्हातारी झाली मॅडम, बदलून टाका." नवी बॅटरी आली. चार-पाच दिवसांत तिनेही डोळे फिरवले.

रविवारी दीक्षा दिवसभर माझ्या छतावर टोपी घालून बसली. त्या दिवशी पट्टीने भरभरून वीज दिली. म्हणजे ती घरी असली की सगळं ठीक, आणि ती बाहेर गेली की बॅटरी रिकामी. यातून दुसरा काय अर्थ निघणार? कोणीतरी माझी वीज पीत होतं. मलाही तेच वाटलं. मला तर चौकीदार आठवला. बबनरावांच्या खिडकीतल्या कूलरकडे आम्ही दोघंही एकाच नजरेनं बघायला लागलो.

दुसऱ्या दिवशी माझ्या प्लगवर पितळी कुलूप लागलं. चंद्रकलाबाई तुळशीला पाणी घालत होत्या.

"कुलूप कोनासाठी लावलं वं, दीक्षा?"

"सेफ्टीसाठी, काकू."

"हो का? मले वाटलं, आमच्यासाठी." त्यांनी तांब्या पालथा केला. "काल भाजीची वाटी पाठवली, तिच्यातही पाहून घेजो, काई मिसळलं असन तर."

त्या दिवसापासून वाटी बंद झाली. बॅटरी मात्र तशीच रिकामी होत राहिली.

पुढच्या रविवारी उमरेडचं शिबिर होतं. अर्धपोटी बॅटरी घेऊन आम्ही निघालो. तिथे शाळेच्या आवारात म्हातारी माणसं उन्हात ताटकळू नयेत म्हणून दीक्षाने मला दाट चिंचेखाली उभं केलं. रीत सोपी होती: कानावर हेडफोन, आवाज ऐकू आला की बोट वर. सकाळभर माणसं आली आणि कान चांगले असल्याचा कागद घेऊन हसत गेली. बळीराम नावाच्या मागवाल्याने तर जाहीर केलं, "पोरगं म्हणते बाबा बहिरा. आता कोन बहिरा, मी का तो?"

मग इंदूबाई बसल्या. दीक्षाने मशीनचं बटण दाबलं की इंदूबाईंचं बोट वर. न चुकता. त्यांचा कागद लिहिताना दीक्षाची नजर मशीनच्या दिव्यावर गेली. दिवा विझलेला होता. कधीपासून, देव जाणे.

"आजी, आत्ता आवाज आला का तुम्हाला?"

"नाई."

"मग बोट का वर केलं?"

इंदूबाई ओशाळल्या. "तू मान हलवत होती ना माय. इतक्या उन्हाची आली आमच्यासाठी. तुले वाईट वाटलं असतं."

परतताना दीक्षा गाडी चालवताना मोठ्याने बोलत होती. इथे कोणी खरं बोलत नाही. तोंडावर गोड, पाठीमागे लूट. मला तिचं पटत होतं. मशीनच बंद होतं, म्हणजे सकाळपासूनच्या कागदांतला एकही भरवशाचा नव्हता. पण तिचा सगळा राग चोरावर होता. चोर सापडला की सगळं सुधारेल, असं तिने ठरवून टाकलं. पुढचं शिबिर मौद्याला, मंगळवारी. शिबिरांना पैशाची मदत देणारे पाहुणे ते बघायला येणार होते.

सोमवारी ती कामाला गेल्याचं सोंग करून कोपऱ्यावरून परत आली आणि माझ्या आत दार लावून बसली. भट्टी झाली होती आत. तिच्या हातात मीटर. पट्टीकडून येणाऱ्या विजेचा आकडा चांगला होता. मग बाहेर पावलं वाजली. स्टूल ओढल्याचा आवाज. माझ्या छतावर काहीतरी सरपटलं, आतला उजेड हिरवा झाला, आणि मीटरचा आकडा घसरला.

दीक्षा दार ढकलून बाहेर धावली. "काका! काय करून राहिले तुम्ही?" इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून पहिल्यांदाच गावची बोली निघाली.

बबनराव स्टुलावर उभे. हातात कूलरवर टाकतात तसल्या हिरव्या जाळीचं टोक. बाकीची जाळी माझ्या डोक्यावर, सौरपट्टीसकट, दुहेरी घडी करून.

"झाकून राहिलो ना बाई. तपते किती! रंगवलेलं सूत आमी कधी उन्हात ठेवलं नाई, तुई तर एवढी मोलाची गाडी."

"रोज झाकता?"

"तू गेली की झाकतो. सांजी वारा सुटते, जाळी उडून जाईन म्हनून काढून ठेवतो. रविवारी तू असते, मंग तुई गाडी तू पाह्य."

"मला सांगितलं का नाही?"

"आता सावली केली, हे का सांगाची गोष्ट आहे?"

चंद्रकलाबाई दारातून सगळं ऐकत होत्या. "मी म्हटलं होतं यांले, राहू द्या, कुलूप लावते ती पोरगी. ऐकतात कुठं!"

खरं सांगतो, रोज दुपारी डोक्यावर आलेली ती सावली मला आवडत होती. सावली आणि भूक एकाच हाताने येतात, हे माझ्या पत्र्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. दीक्षा तिथेच पायरीवर बसली. पट्टी काय खाते, ते तिने बबनरावांना समजावून सांगितलं. त्यांनी दोन्ही हात कानाला लावले आणि म्हणाले, "म्हंजे मीच चोर निघालो का बाई!" त्यावर काकू हसल्या. दीक्षा हसली नाही. तिचे डोळे भरले होते, आणि ती उमरेडच्या चिंचेबद्दल बोलत होती. तिथे तर मला सावलीत तिनेच उभं केलं होतं.

आज मंगळवार. सकाळ झाली आहे आणि माझी बॅटरी पोटभर आहे. दीक्षाने पाहुण्यांना फोन करून मौद्याचं आजचं शिबिर रद्द केलं. पलीकडचा माणूस चिडला असावा, कारण ती दोनदा म्हणाली, "हो, मला कळतं, पुढच्या वेळी तुम्ही मदत दिली नाही तरी चालेल." मग जीप माझ्यापुढे आणून जोडली. आम्ही उमरेडला निघालो आहोत. ती घरोघरी जाऊन सांगणार आहे, "मी दिलेला कागद फाडून टाका, चूक माझी होती, कान पुन्हा तपासू." बळीरामच्या पोरालाही सांगणार आहे. आणि प्रत्येकाला बजावणार आहे, "ऐकू आलं नाही तर बोट खालीच ठेवा, मला वाईट वाटणार नाही."

वाचकहो, वाटेत मी दिसलो तर हात करा. फक्त एक करा, माझ्यावर सावली धरू नका. ती खाली, माझ्या दाराशी रांगेत बसलेल्या माणसांवर धरा.