मुरमुऱ्याच्या भट्टीची वाळू

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात तुमसरच्या बाबूलाल शेठचा ट्रक साकोलीला माझ्या वेल्डिंगच्या दुकानात आला. मिलिटरीच्या लिलावातला, चारही चाकांनी ओढणारा. जंगलातून बांबू आणायचा. दगडाखुंटांवर घासून दोन्ही दारांखालची पत्र्याची पट्टी चेपून गेली होती, दारं लागत नव्हती. पट्टीच्या खालून जाड लोखंडी पाइप जोडून द्यायचा, म्हणजे गाडी दगडावर बसली तरी भार पाइपानं घ्यावा, असं ठरलं. ट्रक चालवायचा केवळराम. आमच्या भजनी मंडळाचा मृदंग त्याच्याकडे, टाळ माझ्याकडे.

पाइपाची टोकं चाकाकडे वर वळवायची होती. पाइप वाळूनं गच्च भरून भट्टीत तापवला तरच तो न चेपता वळतो. वाळू मात्र कोरडी ठणठणीत पाहिजे, ओली असली तर वाफेनं पाइपाच्या तोंडात ठोकलेली लाकडी गुडदी उडून माणूस मरतो. श्रावणात नदीची वाळू कोरडी कुठून मिळणार? आमच्याकडे त्याला एक तोड होती. शेजारच्या कौशल्याबाई मुरमुरे फोडायच्या, त्यांच्या कढईतली भाजलेली वाळू मी दोन घमेली मागून आणली.

पाइप सुरेख वळले. वळल्यावर हातोडीनं ठोकून ठोकून वाळू काढावी लागते, त्यात अर्धा दिवस जातो. त्या दिवशी एकोडीला सप्ताहाची समाप्ती होती, काल्याचं कीर्तन दहाला उभं राहणार होतं. कीर्तन म्हटलं की माझा जीव दुकानात राहत नाही. केवळराम दारात मृदंग घेऊन उभाच होता. वाळू राहिली तर पाइप आणखी भक्कमच होईल, असं मनाला सांगून मी टोकांवर लोखंडी चकत्या वेल्ड करून मारल्या, काळा रंग फासला आणि त्याच्या सायकलवर मागं बसलो. मुरमुऱ्याच्या तांदळाला मिठाचं पाणी लावतात, त्या वाळूत वर्षानुवर्षांचं मीठ मुरलेलं असतं, हे काय मला माहीत नव्हतं? माहीत होतं. आठवलं नाही.

सुईएवढं भोक कुठंतरी राहिलं असेल. दोन पावसाळे पाणी आत जात राहिलं आणि खारट वाळू पाइपाला आतून गंजवत राहिली. वरून रंग तसाच चकचकीत.

ऐंशीच्या दिवाळीनंतर नाला ओलांडताना भरला ट्रक दगडावर बसला. पाइप काकडीसारखा मोडला, दाराखालची पट्टी आत घुसली आणि केवळरामचा उजवा पाय घोट्यात चिरडला.

महिन्यानं तो काठी टेकत दुकानात आला. बाबूलाल शेठ आधीच येऊन बसले होते. मोडका पाइप माझ्या पायाशी पडला होता. शेठनं सरळ विचारलं, चूक डायवरची का पाइपाची? पाइपाची असेल तर पाय बरा होईस्तोवर याची जागा राखून ठेवतो. डायवरची असेल तर दुसरा डायवर उद्यापासून.

तालुक्यातल्या सगळ्या जंगलगाड्या माझ्याकडे यायच्या. मी म्हणालो, "पाइप बरोबर होता, शेठजी. गाडी जोरात घातली असंन."

 केवळरामनं वाकून मोडक्या पाइपातून चिमूटभर वाळू घेतली, जिभेला लावली आणि थुंकला. शेठनं हसून विचारलं, "काय खाऊन राहिला बे?"

"काही नाही जी," तो म्हणाला. "गाडी जोरातच होती." खिशातली चावी काढून त्यानं शेठच्या हातात दिली.

शेठ गेल्यावर मी त्याला चहा मागवतो म्हणालो. त्यानं नको म्हणून मान हलवली.

"मी तोंडानं हो म्हटलं, इश्वरभाऊ, कारण तू म्हटलं होतं," तो म्हणाला. "तुह्या दुकानाचं नाव मी कायले बुडवू? पन तूच सांगशीन म्हणून महिनाभर खाटेवर वाट पाहून राहिलो होतो."

आता तो गुजरीच्या बाजारात खाली बसून भाजी विकतो. मी समोरून गेलो की पहिला राम राम त्याचाच येतो, आणि दुकानात पोचेपर्यंत मला कुणाशी बोलवत नाही.