पावलांना उत्तर देणारं घर

माघातली सकाळ. कृष्णेच्या खोऱ्यात धुकं दुधासारखं साठलेलं आणि त्या दुधाच्या काठाकाठानं उन्हाचं केशर हळूहळू विरघळत चाललेलं. पाचगणीच्या पलीकडे तांबड्या मातीचे उतार, तांबड्या मातीत हिरवे वाफे, हिरव्या वाफ्यांत स्ट्रॉबेरीचे लालबुंद, रसरसते दागिने. लाजरेबिजरे मुळीच नाहीत, चांगले मिरवणारे! आणि त्या मिरवणाऱ्या सकाळीतून, वळणावळणानं, एक पांढरी मोटार वर चढत होती.

मोटारीत हेमलता होती. रुपेरी केसांची, ताठ मानेची, नाकातल्या चमकीनं उन्हाला उलट चमकवणारी हेमलता. शेजारी भालचंद्र, कानामागे पेन्सिल खोचलेला. जन्मापासून दोघांनाही ऐकू येत नव्हतं. साताऱ्याच्या एका शाळेत, आपल्यासारख्याच मुलांना त्यानं चौतीस वर्षं सुतारकाम शिकवलं, तिनं शिवण. नाकपुडीवर बोट टेकवलं की हेमलता, कानामागे बोट नेलं की भालचंद्र. त्यांच्या खुणांत अहो-जाहो नव्हतंच. सगळा कारभार रोखठोक.

आता दोघंही निवृत्त. आता घर हवं होतं. स्वतःचं, दोघांचं, शेवटचं.

पुढे चाकावर मुलगा होता, मंदार. त्याला ऐकू येई, आणि म्हणूनच की काय, काळज्याही सगळ्या त्यालाच. "तुम्ही दोघंच राहणार? दार कोण ऐकणार? चोर शिरला तर?" मोटार थांबवून, मागे वळून, हातांनी त्यानं बजावलं होतं. "आज तीन घरं बघू. नाही जमलं, तर पुण्याला माझ्याकडे. अकरावा मजला, लिफ्ट आहे, सगळं आहे."

सगळं आहे! हेमलता खिडकीबाहेर बघत राहिली. पुण्यात तिची खोली असेल, तिचा पलंग असेल, वेळेवर ताट येईल. पण तिथं ती सांभाळली जाणार होती. कुंडीतल्या तुळशीसारखी, कौतुकानं, आणि दुसऱ्याच्या गॅलरीत. छे! अख्खं आयुष्य जिनं शंभर पोरींच्या हातात सुई दिली, ती कुंडीत बसेल होय?

पहिलं घर गुळगुळीत होतं. चकचकीत फरशी, तिच्यात आभाळ दिसावं इतकी. भालचंद्र मागच्या खोलीत गेला. त्यानं पाय आपटला. पुढच्या खोलीत हेमलता डोळे मिटून उभी होती, अनवाणी, सगळा जीव तळव्यांत गोळा करून.

काही नाही.

दुसरं घर त्याहून गुळगुळीत. भालचंद्रनं दोन्ही पाय आपटले, शेवटी उडी मारली. धापा टाकत बाहेर आला, तर बायको तशीच, डोळे मिटलेली. "झोपलीस की काय?" त्यानं तिचा खांदा हलवून खुणेनं विचारलं. "जमीन झोपलीय," तिनं उत्तर दिलं. "तू नाच कितीही."

शाळेच्या जुन्या इमारतीत, माडीवर, लाकडी जमिनीच्या दोन खोल्या होत्या त्यांच्या. तिथं हाक म्हणजे पाऊल. एकदा आपटलं की 'ये', दोनदा आपटलं की 'लवकर ये', आणि भराभरा आपटलं की 'दूध उतू चाललंय, कुठं मेलास!' फळीफळीतून ती हाक धावत जाई, तळव्यांतून चढे, छातीत जाऊन वाजे. ज्या घरात हाक पोचत नाही, ते घर कसलं? ती नुसती सावली देणारी पेटी.

दुपार कलली. सिल्व्हर ओकच्या पानांनी आपली रुपेरी पाठ उन्हाकडे केली. तिसरं घर एका वाडीच्या टोकाशी, उतारावर, दगडी खांबांवर उभं होतं. कौलांवर शेवाळाची मखमल, अंगणात फरशीच्या लाद्यांची चळत, आणि दारात ओशाळलेल्या चेहऱ्याची घरमालकीण, सगुणाबाई.

"या, पर आधीच सांगते बरं का," ती मंदारला म्हणाली. "सासऱ्यानं सायबाच्या पडक्या बंगल्याच्या फळ्या आणून ही जमीन केली. लई वंगाळ! मांजर चाललं तरी हादरती. दोन गिऱ्हाइकं तेवढ्यापायी परत गेली. म्हणून तर लाद्या आणून ठेवल्यात. वरनं बशिवते आन् मगच देते, म्हंजे तुम्हास्नी तरास न्हाई."

मंदारनं सगळं प्रामाणिकपणे हातांनी सांगितलं. जमीन हलते, पण घाबरू नका, ती झाकून देणार आहेत.

हेमलतानं चपला काढल्या.

आत पाऊल टाकलं. तांबूस-तपकिरी, मधाळ, उन्हानं कोमट झालेल्या फळ्या. भालचंद्र केव्हाच मागच्या खोलीत दिसेनासा झाला होता. तिनं डोळे मिटले. आणि मग, आहा! आलं. दूरवरून, भिंतीपलीकडून, फळीवरून फळीवर उड्या मारत, लाटेसारखं, लाडिक लेकरासारखं आलं आणि तिच्या तळव्यांना बिलगलं. एकदा. थांबून, दोनदा. आणि मग भराभरा, भराभरा, भराभरा! ती हसत सुटली. तिनं पदर खोचला आणि अशी काही दणक्यात पावलं हाणली, की फडताळातली भांडी थरथरली आणि सगुणाबाईला देवच आठवला.

"पाडताय का काय माझं घर!"

मंदारच्या कपाळावरची आठी मात्र तशीच. ही झाली आपसातली हाक. पण परका आला तर? तो बाहेर गेला. अंगण ओलांडून पार फाटकापर्यंत गेला. बूट काढले, मोजेही काढले. आणि पायऱ्या चढून, चवड्यांवर, श्वास रोखून, मांजरालाही लाजवेल अशा चालीनं तो ओटीच्या फळ्यांवरून सरकू लागला. एक पाऊल. दोन पावलं. तिसरं टाकलं आणि त्यानं मान वर केली.

दारात आई उभी. कमरेवर हात. तिच्या मागे बाप, कानामागची पेन्सिल तलवारीसारखी उगारलेला.

"चोरासारखा येतोस?" आईची बोटं कडाडली. "वजन वाढलंय तुझं. पहिल्याच फळीवर कळलं."

मंदारनं एकदा आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं, एकदा त्या दोघांकडे. ज्यांच्यासाठी तो रात्र-रात्र काळजी वाहत होता, ते हे असे उभे होते. दोन दीपमाळांसारखे, उंच, उजळ, आपापल्या जागी रोवलेले. शाळेच्या बक्षीस समारंभात आईबापांना जे होतं ना, ते आज लेकाला होत होतं.

"सगुणाबाई," तो म्हणाला, "लाद्या परत पाठवा. आईबाबांना जमीन आहे अशीच हवीय."

"अशीच?" बाईंनी हनुवटीला हात लावला. "वंगाळ म्हून झाकत हुते, आन् तुम्ही तीच मागताय!" मग इतक्या वर्षांचं ओशाळलेपण एकदम गळून पडावं तशी ती हसली. कनवटीची किल्ली सोडून तिनं मंदारपुढे धरली. व्यवहार पुरुषमाणसाशी, ऐकणाऱ्याशी, ही जगाची रीत.

मंदारनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

किल्ली क्षणभर हवेत राहिली. तेवढ्यात तिच्याखाली एक तळहात येऊन थांबला. सुईनं टोचलेला, कात्रीनं घट्टे पडलेला, न थरथरणारा. सगुणाबाईनं त्या हाताच्या धनिणीकडे पाहिलं. नीट पाहिलं. आणि किल्ली तिथं ठेवली.

"आता पुण्याला कधी येताय, राहायला नाही, पाहुणे म्हणून?" मंदारनं आईला हातांनी हळूच विचारलं.

"आधी तू ये," हेमलताची बोटं म्हणाली. "आमच्याकडे. दोन दिवस काढून ये. येताना मिठाई आण, पाहुण्यानं रिकाम्या हातानं यायचं नसतं."

भालचंद्र आत फळ्या मोजत होता, पलंग कुठं बसेल ते पेन्सिलीनं भिंतीवर आखत होता. खोऱ्यातलं धुकं कधीच उडून गेलेलं. लांब खाली कृष्णा उघडी, नितळ, सोनसळी वाहत होती. उतरतं ऊन हेमलताच्या पाठीवर आलं, रुपेरी केसांतून गाळलं गेलं. तिनं उंबरा ओलांडला. आधी तिची सावली आत गेली, लांब, सरळ, घरभर पसरली. मग ती गेली. आणि दार तिनं उघडंच ठेवलं. ऊन आत येत राहिलं, येत राहिलं.