शिलेदार दुरुस्त करून मिळेल

माणसाने रुसावं तर घरच्यांवर रुसावं, परक्यांवर रुसून घरच्यांपुढे तोंड पाडून बसू नये, असं बाईंचं स्पष्ट मत होतं. त्यांची सून नेमकं तेच करत होती. ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही, ज्यांच्या हातचा घोटभर चहा कधी घेतला नाही, असले कोण कुठले लोक काहीबाही बोलले होते आणि ही इथे मशीनवर बसून सुस्कारे टाकत होती. सुस्काऱ्यांनी शिलाई होत नाही. सकाळीच एका गिऱ्हाइकाची पँट तिने आखूड करून ठेवली, ती एका पायाला घोट्यापर्यंत आणि दुसऱ्या पायाला पोटरीपर्यंत.

बाईंनी पँट वर धरली. "हा माणूस ओढ्याच्या काठाने चालणार आहे का? एक पाय पाण्यात, एक कोरड्यात?"

"उसवून देते, आई."

"उसवशील गं. पण डोकं कुठे ठेवून आलीस?"

डोकं कुठे आहे ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. सुनेने पुस्तक लिहिलं होतं. दुकानात काम कमी असलं की कापडं कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लिहिलेलं, चांगलं जाडजूड, वर चित्र छापलेलं पुस्तक. कुठल्याशा न झालेल्या राज्यातली गोष्ट होती. तिथे एक शिलेदार होता. शत्रू चालून आला त्या रात्री शहराचा दरवाजा राखायचं काम त्याच्याकडे होतं. तो भ्याला, दरवाजा उघडा टाकून पळाला आणि शहर गेलं. राजाने त्याची तलवार काढून घेतली आणि मग हा आपला एका म्हाताऱ्या घोड्यावर बसून रानोमाळ भटकत होता.

बाईंनी ते वाचलं नव्हतं. अक्षरांशी त्यांची तोंडओळख होती, घरोबा नव्हता. पण दुकानाच्या काचेच्या कपाटात, रंगीत रिळांच्या मधोमध, एक प्रत त्यांनी स्वतः उभी केली होती. चेन बदलायला आलेल्या माणसालाही ती दाखवल्याशिवाय त्या सोडत नसत. "आमच्या सुनेने लिहिलंय," म्हणायच्या, आणि वर, "हात लावू नका, डाग पडतील."

सगळं सुरळीत चाललं होतं. मग वाचकांची मतं यायला लागली. इंटरनेटवर म्हणे पुस्तकाखाली कुणीही येऊन काहीही लिहू शकतो. सून ते रोज उघडून बघायची आणि बघितलं की तिचं जेवण कमी व्हायचं.

"आज संध्याकाळी प्रकाशकबाईंचा फोन आहे," पँट उसवता उसवता सून म्हणाली. "दुसरा भाग देते की नाही, ते सांगायचंय. मी नाही म्हणणार आहे."

"का? लिहून तर झालाय."

"झालाय. पण लोकांना शिलेदारच आवडला नाही. भित्रा म्हणतात."

"मग धीट कर. त्याला कितीसा वेळ लागतो?"

"आई, तो भित्रा आहे म्हणून तर गोष्ट आहे."

"मग राहू दे भित्रा."

"पण लोक..."

"लोक, लोक. लोकांनी काय घास भरवायला यायचं का तुला?"

सुनेने मापाची टेप गळ्यात टाकली, पिशवी उचलली आणि दवाखान्यात नर्सबायकांच्या गणवेशांची मापं घ्यायला निघून गेली. लेक तयार कपडे पोचवायला गेला होता. दुकानात उरल्या बाई, मागच्या खोलीत इस्त्रीवाले, आणि टेबलावर सुनेने तसाच उघडा टाकलेला दुकानाचा कॉम्प्युटर.

आता या दुकानाचा एक नियम होता, आणि तो बाईंनी घातलेला होता. गिऱ्हाइकाची तक्रार शिळी होऊ द्यायची नाही. आली की त्याच दिवशी माफी मागायची, कपडा परत घ्यायचा, हवा तसा करून द्यायचा. चूक कुणाची, हे विचारायचंसुद्धा नाही. बाहेरच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं, आणि या एका पाटीच्या जोरावर समोरची दोन दुकानं बंद पडली, असं बाई सांगत. (एक मालकाच्या मुलीच्या लग्नामुळे बंद पडलं होतं, पण ते असो.)

आणि इथे तक्रारी पडून होत्या. कित्येक दिवसांच्या. कुणी उत्तर दिलेलं नव्हतं.

"इस्त्रीवाले, चष्मा घेऊन या जरा," बाईंनी हाक मारली.

इस्त्रीवाले आले. त्यांनी ते पुस्तक वाचलं होतं, दोनदा. दुकानातला तो एकच माणूस होता ज्याने ते अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं. सुनेचा नवरासुद्धा अजून राजाच्या दरबारातच अडकून पडला होता.

"वाचा काय लिहिलंय ते. कौतुक असेल ते सोडा, कौतुकाला उत्तर द्यायचं नसतं, लोक डोक्यावर बसतात. तक्रारी तेवढ्या वाचा."

इस्त्रीवाल्यांनी वाचलं. "'कथा बरी आहे, पण शिलेदार फार दुबळा. निदान शेवटी तरी त्याला तलवार परत मिळायला हवी होती.'"

"रास्त आहे. दाबा ते बटण."

बटण दाबलं की बोललेलं आपोआप उमटतं, हे बाईंना ठाऊक होतं. ऑर्डरींची उत्तरं त्या तशीच देत. त्या पडद्याजवळ तोंड नेऊन दुकानाच्या आवाजात बोलल्या, "तसदीबद्दल माफी असावी. तलवार परत मिळेल. दुरुस्त करून देऊ." ते सुनेच्या नावाखाली छानपैकी उमटलं.

"पुढचं."

"'असल्या गद्दाराला त्याच दरवाजावर फाशी द्यायला हवं.'"

"तसदीबद्दल माफी असावी. फाशी देऊ."

इस्त्रीवाल्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, आत्ताच त्याला तलवार दिली आपण."

"मग? तलवारीसकट देऊ. पुढचं."

"'घोडा मेला तिथे मी पुस्तक मिटलं.'" इस्त्रीवाल्यांचा आवाज जरा जड झाला. "हे मात्र खरं आहे हो. मीही त्या दिवशी इस्त्री बंद करून बसलो होतो."

"म्हणून तो कोट चुरगळलेला गेला होता होय. लिहा, घोडा जिवंत होईल."

घोड्याच्या वेळी इस्त्रीवाल्यांनी बटण जरा जास्तच जोरात दाबलं.

पुढच्या माणसाला मधली पानं आखूड करून हवी होती. तो बाईंना फार आवडला. हा आपल्यातला, म्हणाल्या, आणि किती आखूड ते माप कळवा म्हणून विचारून घेतलं. एकीला शिलेदाराचं लग्न हवं होतं, ते लावून दिलं. एकाला राजा मारून हवा होता, मारला. एका बैठकीत बाईंनी ते अख्खं राज्य उसवून परत टाचलं. इतक्या तक्रारी निवारल्यावर त्यांना चहाची तलफ आली.

"हे एक शेवटचं," इस्त्रीवाले म्हणाले आणि थांबले. "हे राहू द्या."

"का? वाचा."

"'सगळ्यात कंटाळवाणं पात्र म्हणजे नदीवरची धोबीण म्हातारी. किती बोलते, स्वतःला काय समजते कोण जाणे. तिला काढून टाकलं तर पुस्तक दुपटीने चांगलं होईल.'"

बाईंनी बटणाकडे बोट नेलं, मग मागे घेतलं. "कोण ही म्हातारी? काय बोलते एवढं? बघू तरी."

इस्त्रीवाल्यांनी कपाटातलं पुस्तक काढलं, हात शर्टाला पुसून पान शोधलं. शिलेदार घोडा मेल्यावर रडत रडत नदीवर येतो, म्हातारी त्याला झोपडीत घेते आणि झापते, तो भाग होता.

"'रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड,'" त्यांनी वाचलं, "'इथे ओलं सुकत घातलंय. भ्यालास ना? ठीक आहे. भीती सगळ्यांनाच वाटते, मलाही वाटते. पण मी भ्याले तर चूल कोण पेटवेल, म्हणून मी भीत नाही. जेव आणि परत जा, जिथून पळालास तिथे. आणि जाताना दार लाव, तेवढं तरी शीक.'"

मागच्या खोलीत वाफेची इस्त्री सुस्सकन बोलली.

हे वाक्य बाईंनी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे, ते आठवायला फार लांब जावं लागलं नाही. लेकाला अपघात झाला होता तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात सून हातपाय गाळून बसली होती, आणि बाई तिला हेच बोलल्या होत्या. चुलीच्या जागी दुकान होतं, एवढाच काय तो फरक.

"आणि मग तो जातो का परत?" त्यांनी विचारलं.

"जातो की. शेवटच्या पानावर दरवाजापाशी उभा असतो. आतले लोक दगड मारतात, तरी उभा असतो. तिथेच संपतं."

"हं." बाईंनी पदरही नसलेल्या खांद्यावरून काहीतरी झटकलं. "ही म्हातारी कोण, ते मला विचारू नका."

"मी कुठे विचारलं?"

"दाबा बटण." आणि त्या पडद्यात शिरून बोलल्या, "म्हातारी हलणार नाही. तुम्हाला ऐकवत नसेल तर पान उलटा. तुमच्या घरात कुणी मोठं माणूस नाही का? असतं तर असं बोलला नसतात." माफी मागितली नाही. दुकान काढल्यापासून पहिल्यांदाच.

मग चहा केला, पण तो गोड लागेना. *किती बोलते, स्वतःला काय समजते.* कोण तो, कुठला तो, आणि त्याचं एवढंसं वाक्य अंगठ्यात मोडलेल्या सुईसारखं दुपारभर खुपत राहिलं. त्यांनी दोन कोटांची बटणं लावली आणि दोन्ही वेळा काजं चुकली.

सून परतली तेव्हा कॉम्प्युटर टुणटुणत होता. लोकांनी उत्तरांना उत्तरं दिली होती, आणि तलवारवाला फाशीवाल्याशी भांडत होता. सून उभ्या उभ्या वाचत गेली. मग कपड्यांच्या ढिगावर बसली.

"हे कोणी केलं?"

मागच्या खोलीतून इस्त्रीवाल्यांचा आवाज आला. "मी फक्त बटण दाबलं."

"आई, तुम्ही त्याला फाशीही दिलीत आणि लग्नही लावलंत."

"कुठलं आधी, ते तू ठरव."

"ही काय पँट आहे का, आणा आणि हवी तशी करून न्या? माझ्या नावाने वचनं दिलीत तुम्ही. दुसऱ्या भागात यातलं काहीच होत नाही. घोडा मेलेलाच आहे." तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. "बरं झालं एका अर्थी. आता तर द्यायचा प्रश्नच नाही. नाही म्हणून सांगते आणि सुटते एकदाची."

"वचनं मी दिली, मी मोडेन. नियम माझा आहे, मला मोडता येतो."

"आणि एकट्या म्हातारीच्या वेळी बऱ्या ठाम राहिलात?"

बाई काही बोलल्या नाहीत. असं सहसा होत नसे, म्हणून इस्त्रीवाले दारात येऊन उभे राहिले.

"तुम्हाला वाचून दाखवलं यांनी?" सुनेने हळूच विचारलं. "ते पान?"

"दाखवलं."

"राग आला?"

"तिचा नाही आला. तिला काढा म्हणणाऱ्याचा आला. दुपारभर आला. दोन कोटांची काजं चुकवली मी." हे सांगताना बाईंनी मान जरा वरच ठेवली होती.

सुनेने त्या कोटांकडे पाहिलं, मग सासूकडे. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजायला लागला. पडद्यावर प्रकाशकबाईंचं नाव होतं. सुनेने हात पुढे केला आणि तसाच हवेत ठेवला. फोन वाजत राहिला.

बाईंनी तो वाजता फोनच तिच्या हातात दिला, आणि वरून आपला हात काढला नाही.

"ऐक. तुझा शिलेदार मला आवडलेला नाही, भित्रा तो भित्राच, मी त्याला दुकानात कामाला ठेवणार नाही. पण पळाला तो परत तरी गेला, दगड खात उभा राहिला. तू त्याच्याही पलीकडची, कुणी दगड उचलायच्या आत पळतेस. पन्नास जणांच्या मापाने एक कोट शिवलास तर तो कुणालाच होणार नाही, फरशी पुसायला होईल. तेव्हा आधी त्या बाईला देते म्हणून सांग, आणि मग ती पँट नीट कर. आणि हो, दुसऱ्या भागात त्या म्हातारीची चार पानं वाढव. फार कमी बोलते ती."